खान्देशातल्या लग्नाचे पहिले फोटो: सामान निवडताना आधी लेन्स, मग बॉडी, मग फ्लॅश

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या एका लग्नात फोटोग्राफरला दोन दिवसांत पाच तऱ्हेचा उजेड भेटतो. हळद धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातल्या अंधाऱ्या खोलीत, नाहीतर अंगणातल्या मांडवाखाली. नवरदेवाची मारुतीपर्यंतची मिरवणूक रणरणत्या उन्हात. लग्न गावाबाहेरच्या लॉन्सवर, मागे एलईडीची भिंत आणि वर लाल-पिवळं कापड. गोरज मुहूर्त असेल तर अंतरपाट धरला तेव्हा दिवस आणि माळा पडल्या तेव्हा रात्र. आणि वरातीत डीजे, धूर, गुलाल. कोणतं सामान घ्यायचं हे या पाच उजेडांवरून ठरतं. दुकानातल्या काउंटरवर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हातात घेऊन ते ठरत नाही.

हा लेख ज्यांना नातेवाइकाचं किंवा ओळखीतलं पहिलं लग्न मिळालं आहे आणि ज्यांच्याकडे फार तर सोबतच मिळणारी १८-५५ची किट लेन्स असलेला कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी आहे.

पैसे कसे वाटायचे

शंभर रुपये असतील तर चाळीस बॉडीला, पस्तीस लेन्सला, पंधरा फ्लॅशला आणि दहा कार्ड-बॅटरी-बॅगेला. नवखे लोक बरोबर उलटं करतात. ऐंशी रुपयांची नवी बॉडी घेतात आणि तिला किट लेन्स लावून लॉन्सवर उभे राहतात. संध्याकाळी सातनंतर त्या कॅमेऱ्यातून येणारे फोटो जुन्या बॉडीवर चांगली लेन्स लावलेल्या माणसाच्या फोटोंपुढे टिकत नाहीत.

पहिल्या लग्नाला सगळं विकत घेण्याची गरजही नाही. जळगाव, धुळे, नाशिकला कॅमेरे, लेन्स, फ्लॅश भाड्याने मिळतात. लग्नसराईत, म्हणजे एप्रिल-मे आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना, दाट तारखांचं सामान आधीच बुक झालेलं असतं. तारीख पक्की झाली की त्याच आठवड्यात बुकिंग करा, आणि सामान लग्नाच्या आदल्या दिवशी न घेता दोन दिवस आधी हातात घ्या. अनोळखी कॅमेऱ्याचं मेन्यू शोधत मंगलाष्टकं ऐकायची वेळ येऊ नये.

पायरी १: जागा बघून या

मुहूर्त किती वाजता, हळद कुठे, लॉन्स की शाळेचं मैदान की मळा, स्टेजचं तोंड कुठल्या दिशेला, जनरेटर आहे का, वरात रात्री आहे का: एवढं विचारून घ्या. शक्य असेल तर लग्न ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जागेवर जाऊन उभे राहा. पश्चिमेला पाठ असलेल्या स्टेजवर संध्याकाळी पाचला नवरा-नवरीच्या मागे सूर्य येतो. अशा वेळी फ्लॅशशिवाय चेहरे काळेच निघतात.

स्टेजपासून तुम्ही किती मागे जाऊ शकता ते पावलांनी मोजा. लेन्स निवडताना हाच आकडा कामाला येतो.

पत्रिकेवर १२.३५ छापलं असलं तरी अक्षता दीड-दोनला पडतील असं धरून चाला. गोरज मुहूर्ताला हाच उशीर महागात पडतो. मेच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत उजेड पूर्ण जातो. सातचं लग्न साडेसातला लागलं म्हणजे दिवसाच्या लग्नाचं रात्रीचं लग्न झालं.

पायरी २: लेन्स

किट लेन्स १८ एमएमला एफ ३.५ आणि ५५ला एफ ५.६ पर्यंत उघडते. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. एफ २.८ची लेन्स एफ ५.६च्या चौपट उजेड आत घेते, एफ १.८ची जवळजवळ दहापट. किट लेन्सवर आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० आणि शटर १/४० सेकंद मिळत असेल, तर त्याच जागी एफ २.८वर १/१६० मिळतं. १/४०ला अक्षता टाकणारा हात पुसट येतो, हसणारा चेहराही हलतो. १/१६०ला दोन्ही स्वच्छ येतात. कॅमेऱ्यातलं किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, पळणारी करवली नाही.

बहुतेक नवख्यांकडे लहान सेन्सरची (फोटो टिपणाऱ्या चिपची), म्हणजे एपीएस-सी बॉडी असते. निकॉन, सोनी, फुजीवर लेन्सचा आकडा दीडने गुणायचा, कॅननवर १.६ने. म्हणून ५० एमएमची स्वस्त आणि मस्त एफ १.८ लेन्स अशा बॉडीवर ७५-८०सारखी वागते. एकट्या नवरीच्या फोटोला ती सुरेख, पण ग्रुपला निरुपयोगी. हिशोब करून पाहा. सहा मीटर रुंद ओळ, म्हणजे दहा-बारा पाहुणे, पूर्ण येण्यासाठी एपीएस-सी बॉडीवर

- १८ एमएमला साधारण साडेचार मीटर मागे जावं लागतं,
- ३५ एमएमला नऊ मीटर,
- ५० एमएमला जवळजवळ तेरा मीटर.

तेरा मीटर मागे गेलात तर तुमच्या आणि स्टेजच्या मध्ये पहिल्या चार रांगा, दोन शूटिंगवाले आणि वर धरलेले पन्नास मोबाईल येतात. जागा बघताना मोजलेली पावलं इथे लावा.

एकच लेन्स घेता येणार असेल तर एपीएस-सीसाठी १७-५० एफ २.८ घ्या. टॅमरॉन आणि सिग्मा दोघांच्याही अशा लेन्स डीएसएलआरसाठी, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी, येऊन गेल्या आहेत आणि सेकंडहँड बाजारात सहज सापडतात. सोनी किंवा फुजीच्या मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या बॉडीवर, टॅमरॉनची १७-७० एफ २.८ आहे. मोठ्या सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेम बॉडी असेल तर २४-७० एफ २.८, आणि सोनीवर टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ त्याहून हलकी व स्वस्त पडते. ऐंशी टक्के लग्न याच एका लेन्सवर होतं.

दुसरी लेन्स स्वस्त प्राइम, म्हणजे झूम न होणारी. एपीएस-सीवर ३५ एफ १.८ घेतली तर धाब्याच्या घरातली हळद सुटते, कारण तिथे मागे सरकायला जागा नसते आणि उजेड दारातून येतो तेवढाच. फुल फ्रेमवर ८५ एफ १.८ घेतली तर गर्दीतून पाठवणीचे चेहरे वेचता येतात. ७०-२०० एफ २.८ सुंदर लेन्स आहे, पण जवळजवळ दीड किलोची आणि महाग. पहिल्या लग्नाला हवीच असेल तर एक दिवस भाड्याने आणा.

प्राइम लेन्स घेतली की एफ १.८वरच सगळं काढायचा मोह होतो. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ १.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटर असतो. नवरीचा डोळा स्पष्ट आणि एक पाऊल मागे उभा नवरदेव धूसर, असे फोटो अल्बममध्ये घरचे लावत नाहीत. दोघं असतील तर एफ ४, दोन ओळींचा ग्रुप असेल तर एफ ५.६.

निकॉनवाल्यांसाठी एक खाच. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या लहान बॉडीत फोकसची मोटर नसते. तिला ५० एफ १.८ 'डी' ही जुनी लेन्स लावली तर ती बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. अशा बॉडीला आत मोटर असलेलीच लेन्स घ्या; निकॉनच्या अशा लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असतं. डी७२००, डी७५० या बॉडीत मोटर आहे.

पायरी ३: बॉडी

लग्नासाठी बॉडीत मेगापिक्सेलपेक्षा दोन कार्डांची जागा महत्त्वाची. कार्ड कधी ना कधी दगा देतं, आणि कन्यादान परत होत नाही. हा मुद्दा जाहिरातीत कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही म्हणून इथे नावं घेऊन सांगतो. निकॉनच्या डी७२००ला दोन स्लॉट आहेत, तिच्यानंतर आलेल्या डी७५००ला एकच. डी७५०ला दोन. कॅननच्या ५डी मार्क ३ आणि मार्क ४ला एक सीएफ कार्डाचा आणि एक एसडी कार्डाचा. ६डी आणि ६डी मार्क २ला एकच. मिररलेसमध्ये सोनी ए७ ३, निकॉन झेड ५, कॅनन आर६ आणि आर७ यांना दोन स्लॉट. कॅनन आरपी, आर८, आर१०, सोनी ए६४००, निकॉन झेड ५० यांना एक.

दोन स्लॉट असूनही लोक फसतात. बरेचदा दुसरा स्लॉट 'ओव्हरफ्लो'वर असतो, म्हणजे पहिलं कार्ड भरल्यावर दुसरं सुरू. मेन्यूत जाऊन तो 'बॅकअप' करा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे उतरतो.

एकाच स्लॉटची बॉडी हातात असेल तर फेकून देऊ नका. ३२ किंवा ६४ जीबीची लहान कार्डं वापरा आणि प्रत्येक विधीनंतर बदला. हळदीचं कार्ड वेगळं, मिरवणुकीचं वेगळं, लग्नाचं वेगळं. एक गेलं तरी सगळं लग्न जात नाही.

दुसरी बॉडी मात्र हवीच, भाड्याची का असेना. शटर अडकलं, कॅमेरा स्टेजवरून पडला, उन्हात बंद पडला, तर गाडी काढून शहरात जाऊन येईपर्यंत नवरी सासरी पोचलेली असते. दुसरी बॉडी शक्यतो त्याच कंपनीची आणि त्याच माउंटची (लेन्स अडकते त्या कड्याची) घ्या, म्हणजे लेन्स, फ्लॅश दोन्हीकडे चालतात.

सेकंडहँड बॉडी घेताना हे बघा:

- शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं. डी७२००, डी७५०, ५डी मार्क ३ यांचं शटर दीड लाख वेळा चालेल अशी चाचणी कंपनीने केलेली आहे. पन्नास-साठ हजार झालेली बॉडी बिनधास्त घ्या, सव्वा लाखाची फार स्वस्त असेल तरच.
- एफ १६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून झूम करा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. रेघ किंवा भाजल्यासारखा डाग दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.
- दोन्ही स्लॉटमध्ये स्वतःचं कार्ड घालून पन्नास-साठ फोटो सलग काढा.
- फ्लॅशच्या शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, फ्लॅश बसवून तो उडतो का बघा.
- लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. आपल्याकडची हवा कोरडी, पण मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ही हमखास सापडते.

पायरी ४: फ्लॅश, जिथे खरं काम शिकावं लागतं

कॅमेऱ्यातला उघडणारा फ्लॅश विसरून जा. तो लेन्सला चिकटून असतो, चेहरे चपटे आणि चकचकीत करतो, आणि मागे काळोख ठेवतो. वेगळा, मान वळणारा फ्लॅश हवा. गोडॉक्स टीटी६८५ चार एए सेलवर चालतो. व्ही८६०ला स्वतःची लिथियम बॅटरी आहे आणि पूर्ण ताकदीनंतर तो साधारण दीड सेकंदात पुन्हा तयार होतो. स्टेजवर पाहुण्यांची रांग लागली की हा फरक कळतो. सेलवाला फ्लॅश घेतला तर साधे अल्कलाइन सेल न घालता एनेलूपसारखे रिचार्जेबल निकेल सेल घ्या, दोन हजार एमएएचच्या आसपासचे, आणि तीन संच ठेवा.

फ्लॅशच्या नावापुढचं अक्षर नीट बघा. कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस, फुजीसाठी एफ. चुकीचं घेतलं तर ऑटोमॅटिक मापन, म्हणजे टीटीएल, चालत नाही. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या बॉडीच्या शूमध्ये मधली पिनच दिलेली नाही. त्यामुळे त्यांच्यावर साधे मॅन्युअल फ्लॅश उडत नाहीत आणि जुने ट्रिगर (लांबचा फ्लॅश उडवणारं यंत्र) चालत नाहीत. कॅननच्या भाषेत बोलणारा फ्लॅश लागतो, आणि तोही पैसे देण्याआधी त्याच बॉडीवर बसवून बघायचा.

आता उजेड कुठून आणायचा. पांढरं, दहा-बारा फूट उंचीचं छत असेल तर फ्लॅशची मान वर आणि थोडी मागे वळवा. उजेड छतावरून मऊ होऊन खाली येतो. पण आपल्याकडच्या लग्नात असं छत मिळतं कुठे? धाब्याच्या घरात वर काळसर लाकडी सरं असतात, ती उजेड गिळून टाकतात. त्या खोलीत चुना लावलेली भिंत शोधा आणि फ्लॅश बाजूला वळवून तिच्यावर मारा. मांडवात वर लाल-भगवं कापड असतं. त्यावर मारलेला फ्लॅश लाल होऊन परत येतो आणि नवरीच्या गालावरचा तो लाल रंग नंतर संगणकावरही नीट निघत नाही, कारण हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल त्यातच मिसळलेला असतो. लॉन्सवर तर वर आकाशच. तरीही फ्लॅश आभाळाकडे वळवून फोटो काढणारे दर सराईला दिसतात.

मांडवात आणि लॉन्सवर दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे फ्लॅश सरळ पुढे, त्यावर डिफ्यूझर किंवा पांढरं कार्ड, आणि ताकद बेताची. चांगला मार्ग म्हणजे दुसरा फ्लॅश स्टँडवर, ६० ते ९० सेंटीमीटरच्या सॉफ्टबॉक्समध्ये, स्टेजच्या एका बाजूला, जोडप्यापासून अडीच मीटर लांब आणि डोक्याच्या वर, आणि कॅमेऱ्यावर ट्रिगर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे स्टँड एकदा ठेवला की उगाच हलवू नका. स्टँडच्या पायाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधा. मेच्या दुपारी वावटळ उठते तेव्हा छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावलेला स्टँड आधी पडतो, आणि तो पडला तर वऱ्हाडावरच.

सुरुवातीला सेटिंग असं ठेवा: कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१००, एफ ४, आयएसओ १६००, फ्लॅश टीटीएलवर उणे दोन-तृतीयांश. एक फोटो काढा. मागची सजावट काळी वाटली तर आयएसओ वाढवा आणि फ्लॅश तेवढाच कमी करा. चेहरे काळे वाटले तर फक्त फ्लॅश वाढवा. हे दोन वेगळे नळ आहेत एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

शटर १/१०० का, तर आपली वीज ५० हर्ट्झची. साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर उजेड एकसारखा येतो. एलईडी भिंतीसमोर १/५०० किंवा सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोवर काळे पट्टे येतात. स्टेजवर मेकॅनिकल शटरच ठेवा, आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

उन्हात उलटी अडचण. फ्लॅशसोबत बहुतेक बॉडी १/२०० किंवा १/२५०च्या पुढे जात नाहीत. भर दुपारी आयएसओ १००, एफ २.८ला शटर १/३२००च्या आसपास लागतं. म्हणून हाय-स्पीड सिंक असलेला, म्हणजे इतक्या वेगवान शटरलाही चालणारा, फ्लॅश हवा, नाहीतर एफ ११वर जावं लागतं. घोड्यावरच्या नवरदेवाच्या बाशिंगाची, फेट्याची सावली डोळ्यांवर पडते ती काढण्यासाठी हे लागतंच.

शूटिंगवाल्याशी आधी बोलून घ्या. त्याचा पिवळा हॅलोजन साधारण ३२०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप), तुमचा फ्लॅश साडेपाच हजारांचा. एकाच चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी येते. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जिलेटिन लावा आणि कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स ३२००वर आणा, किंवा त्याला पांढरा एलईडी लावायला सांगा. "भाऊ, मंगलाष्टकांना तुम्ही डावीकडून घ्या, मी उजवीकडून" हे वाक्य सकाळीच बोललेलं बरं.

पायरी ५: कार्ड, बॅटऱ्या आणि किडुकमिडुक

२४ मेगापिक्सेलच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलला २५ ते ३० एमबी लागतात. ६४ जीबीत साधारण दोन हजार बसतात. दोन दिवसांच्या लग्नात नवखा माणूस तीन हजारांपर्यंत सहज जातो, म्हणून प्रत्येक स्लॉटला ६४ जीबीची निदान दोन, आणि एक जादा. कार्डावर व्ही३० असावं, म्हणजे लिहिण्याचा वेग किमान ३० एमबी प्रतिसेकंद. बाजारात नकली कार्डं बरीच असतात. विकत आणल्या दिवशी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. जागा करायला लग्नात एकेक फोटो डिलीट करत बसू नका. घाईत नको तोच जातो.

बॅटऱ्या डीएसएलआरला दोन, मिररलेसला निदान तीन. कॅनन आरपीची अधिकृत मोजणी एका चार्जवर २५० फोटोंची, तर निकॉन डी७५०ची १२३०ची. प्रत्यक्षात जास्त निघतात, पण प्रमाण तेच राहतं. चार्जर जनरेटरवर लावायचा तर स्पाइक गार्डमधून लावा. जनरेटर सुरू होताना व्होल्टेज उसळतं.

बाकी पिशवीत काय हवं: रबरी ब्लोअर, दोन मायक्रोफायबर कापडं, प्रत्येक लेन्सला साधा यूव्ही फिल्टर, गॅफर टेप, लहान स्टूल (कन्यादानाला गर्दीच्या मागे अडकलात तर), काळा डबल स्ट्रॅप, पाण्याची बाटली. ट्रायपॉड घरीच ठेवा. गर्दीत कोणीतरी त्याला अडखळतं.

ऊन, धूळ, हळद, लेझर

कंपन्या बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंशांपर्यंत चालतील असं पुस्तिकेत लिहितात. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४४-४५ला जातो, तोही सावलीतला. काळी बॉडी थेट उन्हात याहून खूप तापते. मिररलेसवर व्हिडिओ चालू ठेवला तर तापण्याची खूण येऊन कॅमेरा आपोआप बंद होतो. मिरवणुकीत थांबलात की कॅमेऱ्यावर पांढरं उपरणं किंवा रुमाल टाका, फोटो काढायचा नसेल तेव्हा मिररलेस बंद ठेवा, आणि बंद गाडीत बॅटऱ्या, कार्डं ठेवू नका. डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. डिसेंबरच्या पहाटेच्या लग्नात उलटं होतं. थंडीत बॅटरी लवकर उतरल्यासारखी दिसते, ती खिशात ठेवा.

काळ्या मातीची धूळ बारीक आणि चिकट असते. लेन्स वरातीत, मिरवणुकीत बदलायची नाही. दोन बॉडींवर दोन लेन्स लावून ठेवा. हळद लेन्सवर उडाली तर आधी ब्लोअर, मग कापड. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा हळदीला मिळाला की ती फिल्टरवर पसरते. फिल्टर यासाठीच आहे. अगदीच खराब झाला तर काढून टाका.

डीजेचे लेझर हा नवा धोका आहे. लेझरचा किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवरचे पिक्सेल कायमचे जळतात, फोटोवर रेघ येते आणि दुरुस्ती म्हणजे नवा सेन्सर. मिररलेसमध्ये सेन्सर सतत उघडा असल्याने धोका जास्त. लेझर प्रेक्षकांवर फिरत असेल तर त्याच्याकडे कॅमेरा रोखूच नका. डीजेच्या गाडीला पाठ करून नाचणाऱ्यांचे चेहरे घ्या. फोटोही तेच चांगले येतात.

विधीनुसार काय लावायचं

हळदीला ३५ प्राइम, एफ २.८, शटर १/१६०, आयएसओ हवा तेवढा. उन्हात हळदीचा पिवळा रंग फार लवकर फुटतो, त्यातली सगळी छटा जाते. एक्सपोजर उणे एक-तृतीयांश ठेवा आणि रॉमध्येच काढा.

मंगलाष्टकांना १७-५० किंवा २४-७०, आणि उभं राहायचं स्टेजच्या कडेला, जिथून अंतरपाटाच्या दोन्ही बाजू दिसतात. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की फोकस सतत चालणाऱ्या मोडवर, फ्लॅश चालू, शटर १/१६०. अंतरपाट खाली जाणं आणि माळा पडणं यांत काही सेकंद जातात, आणि त्याच क्षणी अक्षतांचा पाऊस व मोबाईलचे हात मध्ये येतात. "जिभाऊ, मोबाईल जरा खाली" असं हसून आधीच सांगून ठेवलं तर ऐकतात; त्या क्षणी ओरडून काही होत नाही. फ्लॅशची ताकद अर्ध्याहून कमी ठेवा, म्हणजे लागोपाठ तीन-चार वेळा उडेल.

कन्यादान, लाजाहोम, सप्तपदीला खाली बसून काढा, कॅमेरा जोडप्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. धुरात सरळ फ्लॅश मारला तर धूरच पांढरा दिसतो. इथे फ्लॅश बंद, एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००. कानपिळीला नवरीचा भाऊ आणि नवरदेव दोघांचे चेहरे एका फ्रेममध्ये हवेत, म्हणून एफ ४.

ग्रुप फोटोंना एफ ५.६ ते ८, २४ एमएमच्या पुढे. १७-१८ला कडेचे पाहुणे जाड आणि वाकडे येतात, आणि कडेला नेमकी विहीणबाई उभी असते. नावांची यादी दोन्ही घरच्या एकेका जाणत्या माणसाकडून घ्या: मामा, आत्या, मावश्या, आजोबा. फोटोग्राफरला पाहुणे ओळखता येत नाहीत आणि राहून गेलेला मामा वर्षभर बोलतो.

वरातीला फ्लॅश, शटर १/३० ते १/६०, आणि दुसऱ्या पडद्याचं सिंक, म्हणजे फ्लॅश शटर मिटण्याच्या जरा आधी उडतो. नाचणारे गोठतात आणि बँडच्या दिव्यांची रेघ त्यांच्या मागे ओढली जाते. पाठवणीला फ्लॅश लावू नका. ८५ किंवा ५० एफ २, गाडीच्या दारापाशी आधीच जाऊन उभे राहा.

लग्नाआधीचा एक दिवस

रात्री घरात एकच बल्ब लावून, घरच्या कोणाला तरी चालायला लावून पन्नास फोटो काढा आणि संगणकावर शंभर टक्के झूम करून बघा. फ्लॅश शंभर वेळा उडवा. तापून बंद पडतो का, सेल किती टिकतात ते कळेल. दोन्ही बॉडींचं घड्याळ एकाच मिनिटावर आणा. हे विसरलं तर संगणकावर नाव लावताना वरात हळदीच्या आधी येते आणि एक पूर्ण दिवस क्रम लावण्यात जातो. कार्डं फॉरमॅट, बॅटऱ्या भरलेल्या, फ्लॅशचे सेल भरलेले, भरलेले उजव्या खिशात आणि संपलेले डाव्या खिशात, हे हाताला आजच लावून घ्या.

घरी आल्यावर

झोपण्याआधी सगळी कार्डं लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. दोन्हीकडच्या फायलींची संख्या मोजून जुळवा आणि मधल्या कुठल्याही वीस-पंचवीस उघडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल लहान चित्रात ठीक दिसते आणि मोठी केली की खालचा भाग करडा निघतो. हार्ड डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा. बॉडी आणि लेन्स ब्लोअरने झटका, हळद लागलेले पट्टे साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, फ्लॅशमधले सेल बाहेर काढा. कार्डं मात्र अल्बम छापून घरच्यांच्या हातात पडेपर्यंत फॉरमॅट करायची नाहीत. पुढचं बुकिंग आधीच लागलं असेल तर नवी कार्डं आणा.